मेदोरोगावरील शस्त्रक्रिया, धमन्या आणि आपले वैद्यकर्तव्य



गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार कानी येतो: "वैद्यजी, वजनाचं ऑपरेशन करून घ्यावं का?" विदर्भात हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो सप्टेंबर २०११ मध्ये, जेव्हा नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करवून घेतली आणि पुढे त्याविषयी ते मोकळेपणाने बोलले. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. सुमारे ५०० किलो वजनाच्या या स्त्रीवर ७ मार्च रोजी डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी शस्त्रक्रिया केली. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे त्यांचा मृत्यू झाला. हृदयविकार व वृक्कांची दुर्बलता ही मृत्यूची कारणे सांगितली गेली.

या दोन घटनांनी लोकांच्या मनात दोन टोकाच्या समजुती रुजविल्या. काहींना ही शस्त्रक्रिया म्हणजे बारीक होण्याचा श्रीमंती मार्ग वाटतो, तर काहींना मृत्यूला दिलेले आमंत्रण. आपल्या वैद्यसमाजाची भूमिकाही यापेक्षा फारशी प्रगल्भ दिसत नाही. "पोट कापून कोठे मेद जातो काय?" असे म्हणून आपण विषय संपवितो आणि मेदोहर गुग्गुळाची चिठ्ठी लिहितो. आमचे नम्र मत असे की, या प्रश्नाचा निर्णय वजनकाट्याकडे पाहून न करता रुग्णाच्या धमन्यांकडे पाहून केला पाहिजे, आणि तसे पाहिल्यास आपल्या अनेक सवयी बदलाव्या लागतील.

शास्त्राची दृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात कफाच्या नानात्मज व्याधींची गणना आहे. त्या एकाच यादीत हृदयोपलेप, धमनीप्रतिचय आणि अतिस्थौल्य ही तिन्ही नावे येतात. हृदयास लेप बसणे, धमन्यांत संचय होणे आणि शरीर अतिस्थूल होणे यांना आचार्यांनी एकाच दोषाच्या पोटी घातले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धमनीप्रतिचय म्हणजे आजचा अथेरोस्क्लेरोसिसच, असा दावा आम्ही करणार नाही. शब्दाला शब्द जुळवून शास्त्र सिद्ध होत नसते. परंतु मेदोवृद्धी आणि धमन्यांची दुष्टी यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क आणि वपावहन असे सांगितले आहे. वपा म्हणजे उदरातील मेदाचे आवरण. कमरेखाली वा दंडावर साठणाऱ्या चरबीपेक्षा उदरातील आतड्यांभोवतीची चरबी धमन्यांना अधिक घातक असते, हे आधुनिक वैद्यकाने अलीकडे मान्य केले. त्या दृष्टीने हा उल्लेख विचार करायला लावतो.

अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाच्या आठ दोषांपैकी पहिला दोष आयुष्याचा ऱ्हास हा सांगितला आहे. तेथेच स्थूलाची चिकित्सा कृशापेक्षा कठीण का, याचे कारणही येते. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला फुंकर घालतो आणि रुग्णाला भूक असह्य होते. संतर्पण द्यावे तर मेद वाढतो. अपतर्पण करावे तर प्रबळ अग्नीपुढे ते सोसवत नाही. उपवास करणाऱ्या स्थूल रुग्णाची हीच फरफट आपण रोज पाहतो. दोन महिन्यांत सहा किलो उतरतात, आणि दिवाळीनंतर आठ किलो चढतात.

शस्त्रक्रियेने धमन्यांचे काय होते?

या शस्त्रक्रियेचा इतिहास १९६६ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी स्थौल्यासाठी पहिली जठर-बायपास शस्त्रक्रिया केली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे 'बायपास' म्हटले की लोकांना हृदयाचे ऑपरेशन आठवते. येथे मात्र जठराचा अंड्याएवढा लहान कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी करतात. दोन्हींत केवळ जागा कमी होत नाही. भूक वाढविणारे घ्रेलिन हे द्रव्य घटते, विशेषतः स्लीव्ह नंतर, आणि तृप्ती देणारे व इन्सुलिनला साहाय्य करणारे जीएलपी-१ वाढते. कोष्ठात बदल होताच क्षुधा मंदावते, हे वर सांगितलेल्या संप्राप्तीशी ताडून पाहण्याजोगे आहे.

धमन्यांवरील परिणाम तीन प्रकारे मोजतात. पहिली परीक्षा दंडावरील धमनीची. दंडाला किंवा अग्रबाहूला पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवितात, मग पट्टा सोडून धमनी किती प्रसरण पावते हे सोनोग्राफीने पाहतात. निरोगी धमनीचे अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते व धमनी सैल पडते. स्थूल रुग्णात हे प्रसरण कमी असते. दुसरी परीक्षा मानेतील धमनीच्या भिंतीची जाडी मोजण्याची, आणि तिसरी नाडीतरंगाचा वेग मोजण्याची. धमनी जितकी कठीण तितका हा वेग अधिक. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत या तिन्हींत सुधारणा झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रक्तदाब, रक्तशर्करा आणि झोपेतील श्वासावरोध कमी होणे, शरीरातील शोथाची द्रव्ये घटणे आणि उदरस्थ मेद उतरणे ही त्याची कारणे मानली जातात.

धमनीची जाडी घटली, परंतु माणूस जगला का? याचे उत्तर देणारा मोठा अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेले २०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २०३७ स्थूल रुग्ण होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मध्यमानाने १४.७ वर्षांच्या कालावधीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी पहिल्या गटातील २८, तर दुसऱ्या गटातील ४९ जण दगावले. हृदयाचा झटका किंवा पक्षाघात पहिल्यांदाच आलेले रुग्ण अनुक्रमे १९९ व २३४ होते. याच अभ्यासातील एका लहान गटाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. त्यात शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूलांच्या मानेतील धमनीची भिंत सडपातळ लोकांच्या जवळपास तिप्पट वेगाने जाड होत होती. शस्त्रक्रिया झालेल्यांत हा वेग सडपातळ लोकांइतकाच राहिला.

याहून महत्त्वाची एक गोष्ट या अभ्यासातून पुढे आली. धमन्यांना झालेला लाभ रुग्णाचे मूळ वजन किती होते, यावर अवलंबून दिसला नाही. ज्यांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी आधीच चढलेली होती, त्यांना लाभ अधिक मिळाला. म्हणजे १३० किलोच्या परंतु रक्तदाब-शर्करा नीट असलेल्या तरुणापेक्षा, १०० किलोच्या, पोट सुटलेल्या, प्रमेहाच्या उंबरठ्यावरील मध्यमवयीन रुग्णाच्या धमन्यांना शस्त्रक्रियेची गरज अधिक असू शकते. आपण मात्र वजनकाट्यावरचा आकडा पाहून मोकळे होतो.

ब्राझीलमधील २०१८ चा एक अभ्यासही उल्लेखनीय आहे. रक्तदाबाची किमान दोन औषधे घेणाऱ्या १०० स्थूल रुग्णांची यदृच्छया विभागणी करून निम्म्यांवर जठर-बायपास केले. एका वर्षानंतर, रक्तदाब आटोक्यात ठेवून औषधे ३० टक्के वा अधिक कमी करता आलेले रुग्ण शस्त्रक्रिया गटात ८३.७ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात १२.८ टक्के होते.

दुसरी बाजू

शस्त्रक्रियेचे गुणगान करणे हा या लेखाचा हेतू नाही. स्वीडिश अभ्यासातील रुग्णांची विभागणी यदृच्छया झालेली नव्हती, आणि त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या पद्धतीच्या होत्या. आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्हचा तितका दीर्घ अनुभव अजून हाती नाही. २०१० पैकी ५ रुग्ण शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत मरण पावले. पुढे २०२० मध्ये त्याच अभ्यासातून असे दिसले की, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान इतर स्थूलांपेक्षा ३ वर्षांनी अधिक होते, तरीही सर्वसामान्य जनतेपेक्षा ५.५ वर्षांनी कमीच राहिले. वीस वर्षे मेदाने लिप्त झालेल्या धमन्या शस्त्रक्रियेने पूर्ववत कोऱ्या होत नाहीत. इमान अहमद यांच्या बाबतीतही पक्षाघात, हृदय व वृक्क यांचे विकार शस्त्रक्रियेच्या आधीपासून होते. फार उशिरा केलेल्या उपायाकडून फार मोठी अपेक्षा ठेवता येत नाही.

शिवाय वजन पुन्हा काही प्रमाणात वाढते. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची उणीव आयुष्यभर सांभाळावी लागते. खर्च मोठा असतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या सूचनांनुसार देहभार निर्देशांक ४० वा अधिक असल्यास, किंवा ३५ वा अधिक असून हृद्रोग, अनियंत्रित मधुमेह, तीव्र श्वासावरोध असे विकार असल्यास, या शस्त्रक्रियेला विम्याचे संरक्षण मिळू शकते. हे आपल्या कित्येक रुग्णांना ठाऊकच नसते. शल्यविदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये हे निकष अधिक खाली आणले असून आशियाई लोकांबाबत २७.५ पासूनच विचार व्हावा असे सुचविले आहे. इतक्या खालच्या निर्देशांकावर सरसकट शस्त्रक्रिया करणे आम्हास उचित वाटत नाही. तेथे आहार, व्यायाम व औषधांना पूर्ण संधी मिळावी.

आपले घर आधी पाहू

शस्त्रक्रियेवर टीका करण्यापूर्वी आपण काय देतो, याचा हिशेब मांडणे न्याय्य ठरेल. गुग्गुळाचे उदाहरण घेऊ. सुश्रुताच्या मेदोरोगवर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. भारतीय संशोधनातील ते अभिमानास्पद पान आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचे औषध तयार केले. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत घातक कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, उलट थोडे वाढले, आणि काहींना त्वचेवर पुरळ उठले. ती चाचणी अमेरिकी आहारावरील लोकांवर, विशिष्ट अर्क देऊन, प्रकृतीचा विचार न करता झाली, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्या आक्षेपाला उत्तर म्हणून आपण स्वतः किती रुग्णांच्या नोंदी ठेवल्या? 'माझ्या अनुभवात गुण येतो' हे वाक्य नोंदवहीशिवाय पुरावा होत नाही.

कायद्याचेही भान हवे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत ज्या व्याधींवर बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्थौल्य आणि धमनीकाठिन्य या दोहोंचा समावेश आहे. आठवडी बाजारात वाटली जाणारी, 'महिनाभरात पंधरा किलो वजन कमी' अशी हमी देणारी पत्रके आपल्या दुकानांच्या काउंटरवर ठेवली जातात, हे खेदजनक आहे. औषधालयचालकांनी एक धोका विशेष ध्यानी घ्यावा. सिबुट्रामिन हे भूक मारणारे आधुनिक औषध हृदयाचा झटका व पक्षाघात यांची जोखीम वाढविते असे दिसल्याने २०१० मध्ये अनेक देशांत मागे घेतले गेले. भारताने २०११ मध्ये त्यावर बंदी आणली. त्यानंतरही 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविण्याच्या अनेक उत्पादनांत हेच औषध लपवून मिसळलेले परदेशी तपासण्यांत आढळले आहे. ज्याच्या धमन्या वाचवायच्या, त्यालाच आयुर्वेदाच्या नावाने असे द्रव्य दिले जात असेल, तर त्यासारखा दुसरा अधर्म नाही. उत्पादकाचा परवाना, घटकद्रव्ये व तुकडी क्रमांक पाहिल्याशिवाय असा माल घेऊ नये. आठवड्यात भूक पार मेली, छातीत धडधडते, झोप येत नाही, असे ग्राहक सांगू लागला तर ते उत्पादन तत्काळ थांबवावे.

शल्यतंत्राशी वैर कशाला?

'आयुर्वेदात मेदोरोगाला शस्त्रकर्म सांगितलेले नाही' असा युक्तिवाद केला जातो. परंतु चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत, गुल्म पक्व झाल्यावर पुढील क्रियेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या शल्यविदांचा आहे, असे स्पष्ट सांगून रुग्ण त्यांच्या स्वाधीन केला आहे. कायचिकित्सेच्या सर्वश्रेष्ठ आचार्यांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्याला का वाटावा? आपली मर्यादा ओळखून योग्य वेळी रुग्ण पाठविणे हे चिकित्सेचेच अंग आहे.

सिंदीसारख्या गावाचा विचार केल्यास आपली जबाबदारी अधिकच वाढते. येथील रुग्ण रेल्वेने नागपूरला वा वर्ध्याला जाऊन शस्त्रक्रिया करवून घेईल, चार-पाच दिवसांत घरी परतेल, आणि त्यानंतरचा प्रत्येक ताप, प्रत्येक ओकारी, प्रत्येक अशक्तपणा घेऊन तो आधी आपल्याच पायरीवर किंवा औषधाच्या दुकानात येईल. तेव्हा आपल्याला काय ठाऊक असले पाहिजे, ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट, अशा रुग्णास वमन कदापि देऊ नये, स्नेहपानही टाळावे. आसव-अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्य असते, आणि जठर-बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने शोषले जाते. म्हणून ते कल्प वर्ज्य समजावेत. अवलेह, पाक, मधाचे मोठे अनुपान यांतील साखर आतड्यात एकदम उतरल्याने घाम, धडधड, भोवळ व अतिसार होतो. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला घरोघरी पुरण शिजते. त्या दिवशी असा रुग्ण पुरणपोळीनंतर घामाघूम झाला, तर हे कारण ध्यानी असावे. तथापि छातीत दुखत असल्यास आधी हृदयाची तपासणीच करवावी. जठरव्रणाची शक्यता असल्याने तीक्ष्णोष्ण कल्पांबाबतही सावध राहावे.

दुसरी गोष्ट, मंडूर वा लोहभस्म देऊन शल्यविदाने लिहिलेले लोह, बी-१२ व जीवनसत्त्वे बंद करवू नयेत. शोषणाचा मार्गच बदललेला असल्याने त्यांची गरज राहतेच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सतत उलट्या होत असतील तर सूतशेखर देऊन रुग्णास घरी ठेवू नये. बी-१ या जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूस कायमची इजा होऊ शकते. पोटात तीव्र शूल, ताप, नाडीची गती वाढणे, पोटरी सुजणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यविदाकडे पाठवावे. मधुमेहाची व रक्तदाबाची जुनी मात्रा चालू राहिल्यास शर्करा व दाब धोकादायकरीत्या उतरतात, म्हणून दुकानदारांनी जुनी चिठ्ठी पाहून तीच औषधे पुन्हा देऊ नयेत.

आणि ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे वा स्थूल आहेत. हे खरे आपले क्षेत्र होय. पचण्यास गुरू परंतु पोषणाने लघू अशा आहाराचे आचार्यांचे तत्त्व, यव, मूग, कुळीथ, आवळा, ताक, आणि व्यायाम व जागरण हळूहळू वाढविण्याचा त्यांचा आग्रह, हे सारे आजही उपयोगी आहे. यातील 'हळूहळू' हा शब्द आपण विसरलो आहोत. आपल्या भागात ज्वारीची भाकर मागे पडून तिची जागा गव्हाच्या पोळीने, आणि नाश्त्याच्या वेळी तर्री-पोह्याने घेतली. ती भाकर ताटात परत आणण्याचे काम कोणताही शल्यविद करणार नाही. ते आपणच करावयाचे आहे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक चिकित्सालयात वजनकाट्याशेजारी एक मोजपट्टी व रक्तदाबयंत्र असावे. पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास रक्तदाब, उपाशीपोटीची शर्करा व मेदांची तपासणी करवावी आणि ती वहीत नोंदवावी. सहा महिन्यांच्या प्रामाणिक उपचारानंतरही निर्देशांक ३५ च्या वर राहून रक्तदाब वा प्रमेह आटोक्यात नसेल, तर रुग्णास शस्त्रक्रियेचा पर्याय निर्भयपणे सांगावा व पत्र देऊन पाठवावे. संघटनेने पुढील बैठकीत शल्यविदांना पाचारण करावे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्यापथ्याचे एक पानी पत्रक तयार करून सभासदांच्या चिकित्सालयांत व औषधालयांत लावावे. वर्षभराने आपल्या वह्या एकत्र करून पाहिल्यास, कोणाच्या उपचाराने किती कंबर उतरली व किती दाब उतरला, हे आपले आपल्यालाच कळेल.

याबाबत सभासदांनी आपली मते व मतभेद संपादक मंडळाकडे अवश्य कळवावेत, ही नम्र विनंती.